शरणागताचे रक्षण

लीळाचरित्राच्या एकांकात सशाच्या रक्षणाची लीळा आली आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी झाडाखाली आसनस्थ असता, कुत्र्यांपुढे धावून थकलेला एक ससा आला आणि स्वामींच्या जानूखाली रिघाला. मागोमाग आलेल्या पारध्यांनी तो मागितला. ससा होडेचा होता. तो न मिळाल्यास आपसात सुऱ्या निघतील, असे ते विनवू लागले. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. रानातले तृण खाऊन राहणाऱ्या प्राण्यास का मारावे, असे निरूपण त्यांनी पारध्यांस केले. पारध्यांनी ते मानले. नंतर स्वामींनी मांडी उचलली व सशास, एखाद्या महात्म्यास निरोप द्यावा तशा आदराने, जावयास सांगितले.

येथे चमत्कार शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पारधी भस्म झाले नाहीत, सशास दिव्य देह मिळाला नाही. तो पुन्हा रानात गेला, आणि रानात कुत्री असतातच. मग रक्षण कोणते झाले?

एक तर सशाचे, हे उघड आहे. त्याला नाम ठाऊक नव्हते, विधी ठाऊक नव्हता. भयाने तो जवळ आला, एवढेच. परमेश्वराने त्याची योग्यता पुसली नाही. परंतु दुसरे रक्षण वाचकाच्या दृष्टीतून निसटते. ते पारध्यांचे. हिंसेचे पातक ज्यांच्या माथी बसणार होते आणि एका सशापायी जे एकमेकांवर शस्त्र धरणार होते, त्यांनाही स्वामींनी त्याच ठायी राखले. शापाने किंवा बळाने नव्हे, वचनाने. पाठलाग करणाराही कृपेच्या बाहेर नाही, ही या लीळेतील खरी आशा होय.

घरात दुखणे आले की वासनिकाचे मन नवसाकडे धावते. देवतांचे फळ नाशिवंत आहे, जीवाचा बंध तोडण्याचे सामर्थ्य एका परमेश्वरासच आहे, हे तो जाणत असतो. तरी भय मोठे असते. अशा वेळी त्याची निर्भर्त्सना करणारे उपदेशक पुष्कळ भेटतात. सशाचे भय मात्र स्वामींनी दोष म्हणून मोजले नाही.

आता असन्निधान आहे. रिघावयास जानू समोर नाही. श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भटोबासांसारख्या ज्ञानियासही विरह सोसवेना. पुढे इ.स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांना पुसून पुसून. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण साधकास सांगितले आहे, त्याचा आधार हे परिश्रम आहेत.

रुग्णाच्या उशाशी ही लीळा वाचल्याने ज्वर उतरेल, असे कोणी सांगू नये. ती वाचावी, आणि सावकाश वाचावी. झाड, आसन, धापा टाकणारा जीव आणि त्याच्यावर ठेवलेली स्वामींची मांडी डोळ्यांपुढे स्पष्ट येईपर्यंत पान उलटू नये.