ऐच्छिक कष्टांची नीति

मनुष्य सुखासाठीं धडपडतो आणि दुःख टाळतो, हें मत इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्याच्या विरुद्ध जाणारीं उदाहरणें रोज डोळ्यांपुढें असूनही त्यांचा विचार करण्याची आवश्यकता आपणांस वाटत नाहीं. उपवास करणारी गृहिणी, वारीला पायीं जाणारा शेतकरी, थंडीच्या पहांटे तालमींत उतरणारा मुलगा, हीं सर्व माणसें कोणीही लादलेले नसतां कष्ट पत्करतात. या मालिकेंत अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. डोंगरवाटांवरून, रात्र असो वा पाऊस असो, पन्नास, ऐंशी, क्वचित् दीडशेंहूनही अधिक किलोमीटर धांवत जाण्याच्या शर्यती देशोदेशीं भरतात. त्यांना ‘अल्ट्रा ट्रेल’ असें नांव आहे. मॅरेथॉनचें 42.195 किलोमीटरांचें अंतर जेथें संपतें, तेथून पुढें ‘अल्ट्रा’ या शब्दाचा अधिकार सुरू होतो. वाचकांस कल्पना यावी म्हणून सांगतों कीं, आमच्या माणिकपुराजवळच्या वसई रोड स्थानकापासून चर्चगेटपर्यंतचा लोहमार्ग सुमारें 52 किलोमीटरांचा आहे. या प्रकारांतील लहान गणल्या जाणाऱ्या शर्यतींतही जवळजवळ तेवढें अंतर, आणि तेंही चढउतारांचें, माणूस आपल्या पायांनीं कापतो.

आमचा एक जुना विद्यार्थी, माणिकपूरचाच, नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें तेथील उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागांत ऐंशी किलोमीटरांच्या अशा एका दौडींत प्रथमच भाग घेतला. साठ किलोमीटर झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, अंग थरथरूं लागलें आणि दिव्याच्या उजेडांतही वाट नीट उमजेनाशी झाली, तेव्हां त्यानें पुढच्या ठाण्यावर आपला क्रमांक परत केला व दौड सोडली. ही वार्ता घरीं आल्यावर तीन मतें उमटलीं. आई म्हणाली, “यासाठीं का तुला परदेशीं पाठविलें?” मामांनीं निकाल दिला कीं, हातीं घेतलेलें काम अर्धवट टाकणें आपल्या घराला शोभत नाहीं. शेजारचे एक गृहस्थ हंसून म्हणाले कीं, पोट भरलें म्हणजे माणसाला कष्टांचीही हौस सुटते. या तिन्ही मतांत एकेक गंभीर प्रश्न दडला आहे, आणि तिन्ही प्रश्न परदेशीं मुलें असलेल्या पुष्कळ घरांत आज विचारले जात असतील, म्हणून त्यांचा परामर्श घेणें अस्थानीं होणार नाहीं.

शेजाऱ्यांचा आक्षेप प्रथम घेऊं. सकाळच्या विरार गाडींत दाराच्या दांड्याला धरून रोज तासाहून अधिक वेळ उभा राहणारा कारकून, पालघर जिल्ह्याच्या डोंगरपाड्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी आदिवासी स्त्री, यांच्या श्रमांना पदक नाहीं आणि टाळ्याही नाहींत. मग पदरचे पैसे भरून थकावयास जाणाऱ्याचें कौतुक कां करावें? या आक्षेपांतील अर्धा भाग आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. ज्याला वाटेल तेव्हां थांबतां येतें, त्यानें ज्याला थांबतांच येत नाहीं त्याच्याशीं आपल्या कष्टांची बरोबरी सांगूं नये. हंड्याच्या वाटेवर माघारीचें ठाणें नसतें. परंतु एवढ्यावरून ऐच्छिक कष्ट खोटे ठरत नाहींत. आपल्या विद्यार्थ्यानें आम्हांस लिहिलें होतें, “सर, येथें मी कोण आहें हें कागदांवरून ठरतें, परवाना, पगारपत्रक, घरभाड्याचा करार. जें कोणत्याही कागदांत लिहिलेलें नाहीं असें माझ्यांत कांहीं आहे कीं नाहीं, हें मला पाहावयाचें होतें.” परक्या देशांत कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या परीक्षा देत राहिलेल्या माणसाला एक परीक्षा स्वतःच स्वतःची घ्यावीशी वाटली, तर तिला पोटभरल्याची हौस म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

आईचा प्रश्न याहून खोल आहे. शरीर हें ज्याचें त्याचें, हा सिद्धान्त कायद्यांत शोभतो. कुटुंबांत तो अपुरा पडतो. ज्या देहाला कोणीं वाढविलें, ज्याच्या कुशलाकडे कोणाचे डोळे लागले आहेत, तो देह पणाला लावतांना त्या डोळ्यांचाही विचार झाला पाहिजे. आणि ही भीति काल्पनिक नव्हे. 22 मे 2021 रोजीं चीनच्या कान्सू प्रांतांत शंभर किलोमीटरांच्या एका डोंगरी दौडींत 172 धांवक निघाले होते. भर दुपारीं वारा, गारा आणि गोठविणारा पाऊस आला, आणि त्या थंडीनें 21 जणांचे प्राण गेले. वारा अडविणारें जाकीट तेथें सक्तीच्या सामानांत नव्हतें, ही गोष्ट मागाहून चर्चेंत आली. त्याच डोंगरांत झू केमिंग नांवाच्या एका मेंढपाळानें सहा धांवकांना गुहेंत नेऊन, शेक देऊन वांचविलें. पर्वताची उंची आणि धोका यांचें प्रमाण सरळ नसतें, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. इंग्लंडांतील सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक अवघें 978 मीटर उंच, तर आमचें कळसूबाई 1646 मीटर. पण त्या ठेंगण्या टेकड्यांवरही धुकें आणि गार पाऊस भर उन्हाळ्यांत माणसाला घेरतात.

तथापि या प्रसंगांतून आम्ही काढतों तो बोध असा कीं, एकट्याचें धांवणें कधींच सर्वस्वी एकट्याचें नसतें. त्याच लेक डिस्ट्रिक्टमध्यें केझिक येथें अतिथिगृह चालविणाऱ्या बॉब ग्रॅहम यानें 1932 सालीं चोवीस तासांच्या आंत 42 शिखरें पायांखालीं घातलीं. त्याच्याबरोबर वाटेंत सोबती होते. आजही ती परिक्रमा अधिकृत नोंदींत यावयाची, तर प्रत्येक शिखरावर सोबत्याची साक्ष लागते. आमची वारी तर याहून जुनी शाळा आहे. आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटर माणसें चालतात, आणि ज्याचे पाय सुजतात तो दिंडीच्या मालमोटारींत बसतो; त्याची वारी बुडाली असें कोणी म्हणत नाहीं. तेव्हां आईनें मुलास “जाऊं नकोस” म्हणावें, असें आम्हांस वाटत नाहीं. तिनें मागावें तें वचन निराळें आहे: तुझ्या सामानांत काय आहे, तुझ्या मागें कोण आहे, आणि कोणत्या खुणेवर तूं मागें फिरशील, हें निघण्यापूर्वीं ठरव.

येथें मामांच्या निकालाकडे वळणें प्राप्त होतें, कारण मागें फिरणें हेंच त्यांच्या मतें लांछन आहे. ‘प्रारंभिलें तें तडीस न्यावें’ ही शिकवण आम्हां सर्वांच्या बाळकडूंत आहे, आणि तिच्या बळावर पुष्कळ घरें उभीं राहिलीं आहेत. पण निश्चय आणि हट्ट यांत भेद आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि मूढ आग्रहानें स्वतःस पीडा देऊन केलेलें तप तामस कोटींत घातलें आहे. निश्चय करणारा आपल्या ध्येयाचा धनी असतो. हट्टी माणूस आपल्याच शब्दाचा चाकर होतो. ज्याला थांबतांच येत नाहीं, त्याचे कष्ट ऐच्छिक उरले कोठें? ते ज्या क्षणीं सक्तीचे झाले, त्या क्षणीं त्यांचें नैतिक मोल संपलें. थंडीनें बुद्धि मंदावूं लागली आहे, हें त्याच मंदावणाऱ्या बुद्धीनें ओळखणें आणि अनेक महिन्यांच्या तयारीवर पाणी सोडणें, याला लागणारें धैर्य उरलेल्या वीस किलोमीटरांना लागणाऱ्या धैर्याहून कमी नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हा युक्तिवाद सोयीचा आहे. याच्या आडून आळशीही सुटतील. ही शंका रास्त आहे. माघार घेणाऱ्या प्रत्येकाला शहाणा म्हणूं लागलों, तर शहाणपणाला अर्थ उरणार नाहीं. यासाठीं कसोटी अशी लावावी: मागें फिरण्याची खूण आधीं ठरली होती, कीं कंटाळा आल्यावर सुचली? आधीं ठरलेली खूण हा संकल्पाचाच भाग असतो. ती पाळणारा शब्द मोडीत नाहीं, पाळतो.

आमच्या इतिहासांतही याचें एक उदाहरण आहे. 1920 सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्यें हिंदुस्थानतर्फे दोन धांवक मॅरेथॉनमध्यें उतरले. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनीं त्या वर्षींचें 42.75 किलोमीटरांचें अंतर पुरें करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांच्याबरोबर निघालेले सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुल्यांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें, तें योग्यच आहे. परंतु समुद्र ओलांडून, अनोळखी हवेंत, जगांतील निवडक धांवकांच्या रांगेंत दातारही उभे राहिले होते. निकालाच्या कोष्टकाला त्यांच्यासाठीं एक रिकामी जागा पुरते. त्यांच्याविषयीं विचार करणाऱ्या माणसाला ती पुरूं नये.

2011 पासून वसई-विरारमध्यें मॅरेथॉन भरूं लागली, तेव्हांपासून आमच्या गल्लीबोळांतूनही पहांटे धांवणारीं मुलें-मुली दिसतात. त्यांतील कांहीं उद्यां परदेशीं जातील आणि तेथील डोंगरांकडे त्यांचें मन ओढ घेईल. घरच्यांनीं त्यांना विचारण्याजोगे प्रश्न दोनच आहेत. निघतांना: परत कधीं फिरशील हें ठरलें आहे काय? आणि आल्यावर: ठरलें होतें तसें वागलास काय? आमच्या विद्यार्थ्याला दोन्हीं प्रश्नांचें उत्तर ‘होय’ असें देतां आलें. पुढील उन्हाळ्यांत तो पुन्हां त्याच वाटेवर जाणार आहे. आईनें या खेपेस त्याला जाड लोकरी मोजे पाठविले आहेत.