वाडगं कोण धुतं?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नवं वर्ष उजाडताना भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. संशय गेला तो त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर. त्याच्या आधी, मार्च २०२४ मध्ये, शहरातल्याच सरकारी अंडी उबवणी केंद्रात हाच रोग सापडला होता आणि साडेआठ हजारांच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पुढे शेजारच्या छिंदवाड्यात तो पाळीव मांजरांत निघाला.

अशा शहरात कुत्र्याचे पाकिटातले दाणे बंद करून कच्चं मांस सुरू करावं का, हा प्रश्न गमतीचा राहत नाही. खालच्या संवादातले दोन्ही आवाज माझेच आहेत. एक पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या मामाचा, दुसरा धरमपेठेत राहणाऱ्या भाचीचा. कुत्रा लॅब्रेडॉर, नाव मोती. जिथे राहवलं नाही तिथे मी कंसात बोललो आहे.

भाची – मामा, मोतीची खाज काही केल्या जात नाही. ट्रेनर म्हणतो, दाणे बंद करा, कच्चं द्या. कोंबडीच्या माना, पाय, थोडी कलेजी, बोकडाची वजडी. कातडी आरशासारखी होईल म्हणे.

मामा – गोचीड पाहिले का? कानात, बोटांच्या बेचक्यात?

भाची – तुम्ही विषय बदलून राहिले.

मामा – विषयावरच आहो मी. गोचीड, पिसवा, पावसाळ्यातली बुरशी हे सगळं आधी पाहायचं असतं. खाण्याची ॲलर्जी रांगेत बरीच मागं उभी असते. आणि समज ती असलीच, तर कोंबडी हे तिचं एक नेहमीचं कारण. ज्याला कोंबडी सोसत नाही त्याला ती कच्ची काय अन् शिजलेली काय.

भाची – बरं, खाज राहू द्या. माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. लांडग्याच्या वंशातला प्राणी, त्याला आपण आयुष्यभर एकाच आकाराचे, एकाच वासाचे दाणे घालतो. कुत्र्याचं बिस्किट निघालं ते लंडनला, १८६० च्या सुमारास, स्प्रॅट नावाच्या माणसाच्या डोक्यातून. त्याआधी हजारो वर्षं कुत्रे काय उपाशी होते? ऑस्ट्रेलियातल्या इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यानं १९९३ मध्ये पुस्तक लिहून हेच सांगितलं, की हाडं द्या, कच्चं द्या, निसर्गात होतं तसं द्या.

मामा – निसर्गात मोती कधी होता?

भाची – म्हणजे?

मामा – लांडगा निसर्गात होता. कुत्रा झाला तो माणसाच्या उकिरड्यावर. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसानं शेती केली, धान्य शिजवलं, आणि त्या उष्ट्यावर या प्राण्याचं पोट बदललं. त्याचा निसर्ग म्हणजे आपली चूल.

भाची – सगळ्या कुत्र्यांत नाही बदललं. डिंगोत दोनच प्रती आहेत. बर्फातल्या हस्कीतही कमीच.

मामा – हो. कारण ते ज्या माणसांबरोबर राहिले त्यांच्याकडे शेतीच नव्हती. माझ्याच बाजूचं बोललीस तू.

(इथे मामा जिंकले असं वाटतं, पण अर्धंच. भात पचतो म्हणून मांस कच्चं देऊ नये, असं त्यातून निघत नाही. निघतं एवढंच, की ‘मूळचं खाणं’ शोधायला जंगलात जाण्यात अर्थ नाही.)

भाची – ठीक आहे, निसर्ग सोडला. पण त्याचा आनंद? परवा चिकन आणलं तेव्हा एक मान त्याला दिली. अशी खाल्ली की काय सांगू! दाणे तो खातो ते हजेरी लावल्यासारखे.

मामा – शेणही तसंच खातो.

भाची – मामा!

मामा – खरं सांगून राहिलो. आवड हा पुरावा नव्हे.

भाची – पुरावा म्हणून नाही म्हणत मी. आनंदाचं स्वतःचं काही वजन असतं की नाही? तुम्हाला शुगर आहे. तरी संत्रा बर्फी दिसली की तुमचा हात जातो. मामी ओरडते, तुम्ही म्हणता, दोन वर्षं कमी जगेन पण खाऊन जगेन.

मामा – ते मी माझ्यापुरतं ठरवतो. धोका माझा, बर्फी माझी. मोती ठरवू शकत नाही. दुसऱ्याच्या वतीनं धोका पत्करताना हात आखडता घ्यावा लागतो.

भाची – आखडता म्हणजे किती? त्या हिशोबानं त्याला फुटाळा तलावावर नेऊ नये, पाण्यात सोडू नये, दुसऱ्या कुत्र्याशी खेळू देऊ नये. राखणदारानं फक्त जीव राखायचा, जगणं नाही?

(मी इथे भाचीच्या बाजूचा. पालकपणात जपणं जितकं येतं तितकंच सोडून देणंही येतं. मामांना यावर चटकन उत्तर सुचलं नाही, आणि मलाही त्यांच्या तोंडी घालायला सापडलं नाही.)

मामा – मान्य. फुटाळ्यावर ने. पण पाण्यात बुडालाच तर तो एकटा बुडेल. कच्च्या मांसाचा धोका एकट्याचा नाही, माझा अडसर तिथं आहे.

भाची – साल्मोनेला म्हणता? वाचलंय मी. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ मध्ये कच्च्या पशुखाद्याचे १९६ नमुने तपासले, १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया. पण मामा, आपल्याकडे रविवारी चिकन येतंच की. ओट्यावर धुतो, मसाला लावतो, वरून सावजी रस्सा. तेव्हा कोणी साल्मोनेलाचं नाव काढत नाही.

मामा – कारण ते चिकन अर्ध्या तासात आगीवर जातं. तिथं त्याचा हिशोब मिटतो. मोतीच्या पोटात गेलेलं मांस आगीवर जात नाही. त्याला स्वतःला काही होत नाही बहुतेकदा, तब्येत ठणठणीत असते. पण जंतू त्याच्या विष्ठेतून दिवसेंदिवस पडत राहतात. तोच मोती तुझ्या सासूबाईंच्या पायाशी झोपतो. त्या संधिवाताचं औषध घेतात ना, प्रतिकारशक्ती कमी करणारं?

भाची – मी डीप फ्रीज करून देईन. आठ-दहा दिवस ठेवलं की जंतू मरतात म्हणे.

मामा – जंत मरतात. साल्मोनेला फ्रीजमध्ये झोपतो, मरत नाही. बर्ड फ्लूचा विषाणूही थंडीत टिकतो, तो मरतो उष्णतेनं. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी वीज गेली की तुझा डीप फ्रीज काय करेल? दुकानातून घरी येईपर्यंतच ते मांस कोमट झालेलं असतं.

भाची – पण गल्लीतली कुत्री मटणाच्या दुकानामागचं सगळं खातात. मजेत आहेत.

मामा – जी दिसतात ती मजेत आहेत. जी पिल्लं गेली ती तुला दिसत नाहीत. (थोडं थांबून) आणि ती खातात त्यातलं एक मी जवळून पाहिलंय. नोकरीत असताना कत्तलखान्यात मांस तपासायचो. बोकडाच्या, म्हशीच्या फुप्फुसावर, कलेजीवर पाण्यानं भरलेल्या गाठी असायच्या, कधी लिंबाएवढ्या. हायडॅटिड. ते फुप्फुस कुत्र्यानं कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात इवलासा पट्टकृमी होतो, तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. कुत्र्याला त्रास शून्य. पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात. लेकरू कुत्र्याला कुरवाळतं, तोच हात तोंडात घालतं. मग काही वर्षांनी त्या लेकराच्या यकृतात तीच गाठ. तेव्हा कोणाला कुत्रा आठवतही नाही.

भाची – यावर गोळी असते.

मामा – प्राझिक्वान्टेल. असते, चांगली असते. वेळेवर देशील तर. ट्रेनरनं सांगितली का?

भाची – नाही.

(वजडी आणि कलेजी सुचवणाऱ्या प्रत्येकानं गोळीचं नाव आधी घ्यावं, असं माझं मत आहे. बाकी वाद नंतर.)

भाची – सगळा धोका तुम्ही सांगितला, आता माझं ऐका. हेलसिंकी विद्यापीठाचा २०२३ चा अभ्यास आहे. पिल्लूपणी ज्यांना कच्चं मांस मिळालं त्यांना पुढे पोटाचे जुनाट आजार कमी झाले, ज्यांना कोरडे दाणे मिळाले त्यांना जास्त.

मामा – वाचलाय. मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरचा आहे, तरी मी तो उडवून लावत नाही. पण पुढचं वाचलंस का? घरचं उरलंसुरलं खाणाऱ्या पिल्लांनाही तोच फायदा दिसला.

भाची – म्हणजे आजीचा दहीभात?

मामा – आजीचा दहीभात, भाकरीचा तुकडा. कांदा मात्र नाही, सावजी रस्सा तर मुळीच नाही.

भाची – म्हणजे नामदेव बरोबर होते. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली तर हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले.

मामा – पशुवैद्य म्हणून मी तूप कमी सांगितलं असतं, स्वादुपिंडाला जड जातं. पण एक पाह्य, नामदेवांनी स्वतःच्या ताटातलं दिलं. तू त्याला देऊ पाहतेस ते घरातलं कोणीच ज्या रूपात खात नाही. त्यासाठी वेगळा फ्रीजचा कप्पा, वेगळी सुरी, वेगळं वाडगं. आणि ते वाडगं कोण धुतं?

भाची – मी धुईन.

मामा – रोज? माहेरी आलीस तरी? लग्नाला गेलीस तरी?

भाची – ...कामवाल्या ताई धुतात कधीकधी.

मामा – त्यांच्या घरी सहा महिन्यांचं लेकरू आहे. तुझ्या सासूबाईंना तू समजावशील, त्या भांडतील, शेवटी काहीतरी ठरेल. मोती तुझा आहे. ताईंना या सगळ्यात कोणी विचारलं का? गोरेवाड्यात वाघाला मांस द्यावंच लागतं, वाघाला खिचडी चालत नाही. तिथं धोका टाळायला जागा नव्हती. मोतीला जागा आहे. मग तो धोका ताईंनी काऊन घ्यावा?

(माझ्या मते सगळा वाद इथे येऊन थांबायला हवा होता. कुत्र्याचा निसर्ग काय, लांडगा काय खात होता, हे प्रश्न रंगतात खरे, पण त्यांत आपण आणि कुत्रा असे दोघंच असतो. घरात दोघंच नसतात.)

भाची – मग मी त्यांना विचारते. सगळं सांगून. गाठी, जंतू, सगळं.

मामा – त्या हो म्हणतील.

भाची – मग?

मामा – काम जाऊ नये म्हणून हो म्हणतील. त्या होकाराचं काय करशील?

भाची – म्हणजे विचारूनही उपयोग नाही. न विचारणं चूक, विचारणंही चूक.

मामा – विचारणं चूक नाही. नकार द्यायला जागा ठेवून विचार. पगार वाढवून मागत असतील त्या महिन्यात तर नकोच.

भाची – आणि वाडगं मी धुवायचं ठरवलं, त्यांनी हातच लावायचा नाही असं?

मामा – मग फरशी कोण पुसतं?

भाची – (हसत) हरले बाप्पा. पण दाण्यांचं पाकीट मी पुन्हा आणणार नाही, सांगून ठेवते.

मामा – नको आणू. चिकन आण, भात लाव, लाल भोपळा घाल. हाडं आधी काढून टाक, शिजलेलं हाड तडकतं आणि आतड्याला टोचतं. हाड काढलं की कॅल्शियम गेलं, ते वरून द्यावं लागेल, आणि किती ते अंदाजानं नाही. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. नुसत्या भात-चिकनवर वाढवलेली, पाय वाकलेली पिल्लं मी पाहिलीत. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचं वजन घेऊन जा, तिथं हिशोब करून घे.

भाची – पण खाजेचं काय? कोंबडीचीच ॲलर्जी असली तर?

मामा – म्हणून तर गोचीड पाहिले का म्हणून विचारत होतो.