सांत्वनाला देव लागतो का?

चॅप्लन हा शब्द आपल्या बायकांच्या बोलण्यात कधी येत नाही. तिकडच्या देशांत विद्यापीठात, इस्पितळात, तुरुंगात, सैन्यात एक धर्मगुरू नेमलेला असतो, तो चॅप्लन. प्रार्थना चालवायची हे त्याचं काम खरंच, पण घरापासून लांब पडलेल्या माणसाजवळ त्याच्या अडचणीच्या वेळी बसायचं, हे त्याहून मोठं काम. या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. चौथ्या शतकातल्या मार्टिन नावाच्या रोमन सैनिकानं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. त्याचा झगा म्हणून पुढे जे वस्त्र राजांनी जपलं, ते सांभाळणाऱ्यांना जे नाव पडलं त्यातूनच चॅप्लन आला. म्हणजे मुळात ही गोष्ट पांघरुणाची.

आता गंमत बघा. अमेरिकेतलं हार्वर्ड 1636 साली सुरू झालं, तेव्हा चांगले शिकलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक घडावेत हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. त्याच हार्वर्डमध्ये 1974 साली टॉम फेरिक नावाचे गृहस्थ मानवतावादी चॅप्लन झाले. एके काळी ते कॅथलिक पाद्री होते. देव न मानणाऱ्या मुलामुलींसाठी हा चॅप्लन. त्यांच्यानंतर 2005 पासून ग्रेग एपस्टीन हे काम करू लागले. ज्यू घरात वाढलेला हा माणूस, देवाशिवायही चांगलं वागता येतं हे सांगणारं त्यांचं पुस्तक 2009 साली आलं. आणि 2021 मध्ये तिथल्या चाळीसहून अधिक चॅप्लननी, म्हणजे निरनिराळ्या धर्मांच्या गुरूंनी, एकमतानं त्यांनाच आपला अध्यक्ष निवडलं. बातमी आली तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. नेदरलँड्समध्ये तर असे मानवतावादी सोबती इस्पितळांत, तुरुंगांत आणि सैन्यातही रीतसर काम करतात, आणि उट्रेख्तला त्यांच्या शिक्षणाचं विद्यापीठच आहे.

तुम्ही म्हणाल, देव नाही, स्वर्ग नाही, पुढचा जन्म नाही, मग हा माणूस रडणाऱ्याला सांगणार तरी काय?

प्रश्न रास्त आहे. पण आपण जैन बायकांनी तो जरा जपून विचारावा. जग निर्माण करणारा, नवसाला पावणारा देव आपल्या सिद्धांतात कुठे आहे? तीर्थंकर आपलं ऐकून धावत येत नाहीत, हे आपण लहानपणापासून शिकलो. णमोकार मंत्रात आपण काही मागत नाही, नमस्कार करतो. बारा भावनांत अशरण भावना आहे, मरणापुढे कुणी कुणाला वाचवू शकत नाही असं ती शिकवते. तरीही आपल्या बस्तीत माणसांना धीर मिळत आलाच आहे. तेव्हा धीर फक्त देवाच्या वचनातूनच येतो असं आपण तरी म्हणू नये.

आमच्या नात्यात एका घरी एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणायची, "अक्का, पूर्वजन्मीचं कर्म, ते कुणाला चुकलंय?" तिसऱ्या दिवशी त्या माउलीनं मान वर करून विचारलं, "कुणाचं? त्याचं का माझं?" खोलीत कुणी बोललं नाही. शेजारची एक कानडी म्हातारी होती, आपल्या धर्माची नव्हे. ती उठली, तेलाची वाटी आणली आणि तीन दिवस विंचरले नव्हते ते केस विंचरू लागली. तेव्हा कुठे अक्कांना मोकळं रडू आलं.

कर्मसिद्धांत खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो मी माझ्यापुरता वापरायचा आहे, माझं वागणं तपासायला. दुसरीच्या दुःखाला लावायला लागले की तो न्यायनिवाडा होतो. दुःखी माणूस प्रश्न विचारतो तेव्हा दरवेळी त्याला उत्तर हवं असतं असं नाही. कधी कधी तो प्रश्न ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं. मानवतावादी चॅप्लनकडे तयार उत्तर नसतं, म्हणून त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. त्याची ही उणीव आहे आणि बळही.

उणीव आहे, हेही खरं. भेटणाऱ्या बायका परत गेल्यावर, रात्री दोन वाजता, अक्कांच्या हातात जपमाळ होती. शेजारणीचा हात तेव्हा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द माणसाला अशा वेळी उचलून धरतात, ते एका माणसानं ठरवून तयार होत नाहीत. म्हणूनच तिकडची ही मंडळी नुसतं बोलून थांबत नाहीत. लग्न लावतात, अंत्यविधी करतात, लोकांना पुन्हा पुन्हा एकत्र बसवतात. रूढीची गरज त्यांनाही कळली आहे.

मला हे सगळं लांबचं वाटत नाही. आपली मुलं आज पुण्याला, बेंगळुरूला, कुणाची परदेशात वसतिगृहात आहेत. त्यातली काही आता मानत नाहीत, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीत एवढंच. पण जे मानत नाहीत तेही परीक्षेत नापास होतात, त्यांचीही मनं मोडतात, त्यांचेही मित्र जातात. तेव्हा त्यांनी कुणाकडे जायचं? फोनवर आपण विचारतो, "दर्शन घेतलंस का? रात्रीचं जेवत नाहीस ना?" मूल "हो" म्हणतं आणि फोन ठेवतं. त्या "हो"च्या मागे काय आहे ते कुणाला सांगत असेल?

हार्वर्डच्या त्या धर्मगुरूंनी आपला धर्म सोडला नाही, तरी देव न मानणाऱ्याला अध्यक्ष केलं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. मुलाची श्रद्धा न तपासता त्याचं दुःख ऐकायचं, इतकंच आहे. ते मात्र आपल्यालाच करावं लागेल. आपल्या गावात त्यासाठी कुणी चॅप्लन नेमलेला नाही.