एकाच वाणातल्या अनेक मिरच्या

काणकोण तालुक्यात, खोल्याच्या डोंगरउतारावर निव्वळ पावसावर पिकणाऱ्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे भाव सुधारतो, दुसरीच मिरची खोल्याची म्हणून विकणाऱ्याला जाब विचारता येतो. ते हवेच होते. पण मानांकनासाठी वाणाचे वर्णन लिहून द्यावे लागते. ते एकदा छापले गेले की शेतकरी बियाण्यासाठीही त्यात नेमकी बसणारीच फळे निवडू लागेल, अशी मला भीती वाटते. आखूड, वाकडी, उशिरा पिकणारी फळे मागे पडतील आणि त्यांच्याबरोबर वाणातले बरेच काही निघून जाईल.

गावठी वाणातली सगळी झाडे एका मापाची नसतात. पिढ्यानपिढ्या एकत्र नांदलेला तो गोतावळा असतो. एखादे झाड इतरांच्या आधी लाल होते, एखाद्याच्या फळाची साल जाड असते, तर शेजारची झाडे बोकड्याने आक्रसून गेली तरी एखाद्याची पाने सरळ राहतात. यातला कोणता गुण उद्या कामी येईल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. २०२१ च्या अखेरीस तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात काळ्या फुलकिड्यांनी फुलांत शिरून मिरचीचे पीक उद्ध्वस्त केले. अशा वेळी फवारण्या वाढतात. कीड सोसणाऱ्या झाडाचा शोध मात्र आधीपासून जपलेल्या विविधतेतच घ्यावा लागतो.

ही विविधता जपण्याचे काम चालू आहे. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राकडे मिरचीचे आठ हजारांहून अधिक नमुने आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही जबाबदारी सांभाळतो. पण २०२१ मध्ये जगभरच्या जनुकपेढ्यांतल्या दहा हजारांवर नमुन्यांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एकच वाण निरनिराळ्या क्रमांकांखाली ठेवल्याची कितीतरी उदाहरणे निघाली. पाकिटे मोजून विविधता मोजली जात नाही. आत काय आहे, ते ओळखावे लागते.

ओळखण्याची सुरुवात डोळ्यांनी होते. देठ फळाच्या टोपीला मिळतो तिथे आवळल्यासारखी गोल खाच दिसली, तर मिरची बहुधा भूत जोलोकियाच्या प्रजातीची, म्हणजे कॅप्सिकम चायनेन्स असते. पाकळ्यांच्या तळाशी पिवळसर-हिरवे ठिपके असले तर बॅकेटम. जांभळे फूल आणि काळे बी ही अँडीजमधल्या प्युबेसेन्सची खूण. आपल्याकडच्या बहुतेक मिरच्या ॲन्युम प्रजातीच्या. त्यांच्या वाणांतले फरक नुसत्या नजरेला पुरते कळत नाहीत. तिथे तिखटपणाचे मोजमाप आणि डीएनए दोन्ही लागतात.

जनुकपेढीच्या थंड खोलीतले बीही कायम जिवंत राहत नाही. उगवण घटली की ते पेरून ताजे बी धरावे लागते. मिरचीचे फूल स्वतःच्या परागावर फळते, तरी मधमाश्या शेजारचा पराग आणतातच, म्हणून झाडांवर जाळी घालतात. पण जाळीखाली मोजकीच झाडे घेतली तर दुर्मीळ गुण तिथेच गळून जातो. पाकिटावरचे नाव तेच राहते, त्यामुळे ही गळती सहसा लक्षातही येत नाही. जनुकपेढी हवीच, पण वाण शेतातही राहिले पाहिजे, असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो, हे खरे आहे. शेतकऱ्याने तोटा सोसून विविधता सांभाळावी, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण प्रतवारी मालाची करता येते; तीच चाळणी बियाण्याला लावण्याचे कारण नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांना आपली वाणे नोंदवता येतात, ती जपणाऱ्यांना पुरस्कारही आहेत. पुरस्कार एकदा मिळतो, बी मात्र दरवर्षी धरावे लागते. म्हणून मानांकनाचा लाभ घेणाऱ्या संस्थांनी बियाण्यासाठी वेगळा तुकडा राखणाऱ्या घरांना दर हंगामाला मोबदला द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याला, रोगट झाडे वगळून, शंभरेक झाडांवरची थोडी थोडी फळे घ्यावीत. त्यात वाकडीही असावीत. या बियाण्याचा एक वाटा जनुकपेढीत जावा. लोणच्याला कोणती मिरची, पापडाला कोणती, परतीच्या पावसात वाळत घातली तरी बुरशी न धरणारी कोणती, हे गावातल्या बायकांना विचारून पाकिटासोबतच्या नोंदीत लिहावे, आणि सांगणारीचे नावही तिथे असावे.