कोयत्याची परीक्षा: करण, कर्ता आणि हिंसा

एखादे हत्यार चांगले आहे हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न वरवर पाहता लोहाराचा आणि त्याच्या गिऱ्हाइकाचा वाटतो. परंतु भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यांवर वाद घातला अशा दोन प्रश्नांची गाठ त्यात पडलेली आहे. पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे: हत्यार चांगले असल्याचे ज्ञान खरे कशाने ठरते? दुसरा प्रश्न धर्माचा आहे: जे हत्यार उत्तम कापते त्याने केलेले कापणे उत्तम ठरते काय? कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या दोन तालुक्यांत कोयता हे शेत, रान आणि आवार या तिन्ही ठिकाणी रोज चालणारे हत्यार असल्यामुळे, हे दोन्ही प्रश्न तेथे पोथीबाहेर, प्रत्यक्ष व्यवहारात तपासता येतात.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहावे. कोयता म्हणजे पुढे वजन असलेले, टोकाशी आत वळलेले, एका बाजूने धारेचे जाड पाते. ते लाकडी मुठीत बसवलेले असते आणि रानात जाताना कमरेच्या आकडीला अडकवले जाते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांसारखे पोलाद भट्टीत तापवून, ठोकून घडवल्यावर लोहार धारेला पाणी देतो, म्हणजे लाल झालेली धार एकदम थंड करून ती कठीण करतो. कठीणपणा वाढला की पोलाद ठिसूळ होते आणि चिवटपणा राखावा तर धार लवकर बोथट होते. या दोहोंचा तोल लोहाराला साधला की नाही, हे पात्याकडे नुसते पाहून कळत नाही. म्हणून नवा कोयता वेगवेगळ्या कामांवर लावून पाहिला जातो. पावसानंतर आवारात माजलेली घाणेरी आणि रानमोडी ही झुडपे झटक्यात तुटली, तर धार बारीक आहे एवढे कळते. बांबूची साल वाळूतील द्रव्यासारख्याच सिलिकेमुळे धारेला घासते, म्हणून बांबूवर धार किती टिकते हे समजते. खैराच्या वाळलेल्या, जड लाकडावर घाव घातल्यावर धारेला दाते पडले तर पाणी अधिक झाले आणि धार मुरडली तर कमी झाले, असा निष्कर्ष निघतो. मूठ हलणे, हाताला झिणझिण्या येणे, पाते लाकडात रुतून बसणे हे सारे निकाल घाव घातल्यावरच हाती येतात.

या परीक्षेमागील तत्त्व न्यायदर्शनाने स्पष्ट शब्दांत मांडलेले आहे. न्यायमतानुसार ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, त्या ज्ञानातच दिसत नाही. त्या ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफल झाली की त्यावरून तो अनुमानाने कळतो. यालाच नैयायिक प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आपल्या भाष्याचा आरंभच या विचाराने केला आहे. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने सातव्या शतकात याच दिशेने पुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, जे काही कार्य घडवून आणू शकते तेच परमार्थाने सत् होय; या कार्यक्षमतेला त्याने अर्थक्रिया हे नाव दिले आणि तिच्या उदाहरणादाखल अग्नीचे जाळणे व शिजवणे पुढे केले. या दोन्ही मतांचा आधार घेतला, तर बाजारात टांगलेला कोयता हा अद्याप केवळ पोलादाचा आकार आहे आणि त्याचे कोयतेपण पहिल्या घावाला सिद्ध होते, असे म्हणावे लागते.

पूर्वमीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, मात्र येथे अडवतात. एका ज्ञानाच्या खरेपणासाठी दुसरे ज्ञान हवे असेल, तर दुसऱ्यासाठी तिसरे लागेल आणि ही मालिका कोठेच थांबणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. म्हणून कुमारिल भट्टाने स्वतःप्रामाण्याचा पक्ष घेतला: ज्ञान मुळात प्रमाणच असते, आणि त्याला बाधक असे काही पुढे आले किंवा त्याच्या कारणांत दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. कर्जतच्या आठवडी बाजारात ओळखीच्या लोहाराकडून कोयता घेणारा शेतकरी व्यवहारात मीमांसकच असतो, कारण तो विश्वासाने घेतो आणि धारेला दाते पडल्यावरच तक्रार घेऊन परततो; अनोळखी दुकानात पाते वाजवून, वाकवून पाहणारे गिऱ्हाईक नैयायिकाच्या वाटेने जाते. दोघांचाही निर्णय कोयता कापतो की नाही एवढ्यापुरताच असतो, आणि येथपर्यंत त्यांच्यात फारसे अंतर पडत नाही.

खरे अंतर करणाच्या विचारात दिसते. क्रिया घडवण्यात जे सर्वांत निकट असे विशेष साधन असते त्याला शास्त्रात करण म्हणतात, आणि करणाचे पिढ्यानपिढ्या शिकवले गेलेले उदाहरण कुऱ्हाड हे आहे: कुऱ्हाड हे करण, तिचा लाकडाशी होणारा संयोग हा व्यापार, आणि लाकडाचे दोन तुकडे होणे हे फळ. प्रमाण आणि त्याचे फळ ही एकच होत, असे दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांचे मत होते. त्याला उत्तर देताना कुमारिलाने याच उदाहरणाचा आधार घेतला. घाव खैरावर बसला म्हणजे छेद पळसाला होत नाही, म्हणून साधन आणि फळ यांचा विषय एक असतो हे खरे. तरीही परशू आणि छेद या एकच वस्तू आहेत असे जगात कोणी मानत नाही, असा त्याचा आशय आहे. खैर आणि पळस ही दोन्ही झाडे कर्जत-खालापूरच्या रानात शेजारीशेजारी वाढतात, म्हणून तेथील वाचकाला हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही.

कुमारिलाचा हा भेद ज्ञानचर्चेपुरता होता. पण तोच धर्मचर्चेत आणला तर दुसऱ्या प्रश्नाचे दार उघडते. करणाची परीक्षा करणाचेच गुण सिद्ध करते. पाते धारदार आहे, तोल बरोबर आहे, पोलाद चिवट आहे, हे तिने कळते. छेद व्हायला हवा होता की नाही, याविषयी ती काहीच सांगत नाही. घाव सफाईने बसला की तो योग्यही होता, अशी समजूत मनात नकळत शिरते, आणि हत्यारांच्या कौतुकात ही चूक सर्वाधिक घडते, कारण तेथे कापण्यासाठी कापले जाते आणि लाकूड हे केवळ परीक्षेचे साहित्य ठरते.

मराठीत या चुकीवर सर्वांत मार्मिक टीका ज्ञानेश्वरीत आढळते. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, ज्ञानाच्या लक्षणांपैकी अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी पूर्वमीमांसेच्या अहिंसेचा परामर्श घेतला आहे. यज्ञातील हिंसेतूनच अहिंसा साधते असे म्हणणे म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालण्यासारखे आहे, असा दृष्टान्त ते देतात, आणि पुढे औषधासाठी मुळे खणणाऱ्या व साली सोलणाऱ्या वैद्यकालाही तीच कसोटी लावतात. आवार साफ करणाऱ्या कोयत्याचे काम अक्षरशः हेच असल्यामुळे हा दृष्टान्त येथे बारकाईने वाचला पाहिजे. ज्ञानेश्वरांचा रोख फांदी तोडण्यापेक्षा अधिक त्या तोडण्याला रक्षण म्हणण्यावर आहे. हिंसा झाली हे मान्य करणारा मनुष्य तिची मर्यादा शोधू शकतो. हिंसेलाच दया म्हणणाऱ्याला मर्यादेची गरज उरत नाही.

या वाचनाची कसोटी कर्जत-खालापूरच्या भातशेतीत लावता येते. या भागात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. ऐन आणि इतर झाडांच्या फांद्या कोयत्याने तोडून, वाळवून, शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांच्याबरोबर त्यांचे थर वाफ्यावर रचतात आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवतात. त्यामुळे तणाचे बी जळते, राख मिळते आणि माती भुसभुशीत होते. 1878 च्या वन कायद्यानंतर रानांवर सरकारी निर्बंध आले तेव्हा राबाची फांदी हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील मोठा वादविषय झाला. कर्जत त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. तक्रारींच्या चौकशीसाठी 1885 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगाने 1887 मध्ये आपला अहवाल दिला. राबामुळे झाडे खुरटतात, असा वनखात्याचा आक्षेप होता. राबाशिवाय भात नाही, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. त्याच काळात रेल्वेच्या शिलेपाटांसाठी आणि इंधनासाठी देशभर सरकारी रानांतून लाकूड निघत होते, आणि त्या तोडीला व्यवस्थापन म्हटले जात होते. ज्ञानेश्वरांची कसोटी लावली, तर फांदी पोटासाठी तोडतो असे सांगणारा शेतकरी तीत कमी सापडतो आणि तोडीला रक्षणाचे नाव देणारी सत्ता अधिक सापडते.

म्हणून राबाची फांदी आपोआप निर्दोष ठरते असेही नाही. तिच्यासाठी दुसरी परीक्षा आहे, आणि ती पहिल्या परीक्षेसारखी क्षणात होत नाही. जाणता मनुष्य जाड फांदीला आधी खालून खाच देतो आणि मग वरून घाव घालतो, कारण तसे न केल्यास फांदी आपल्या भाराने कोसळताना बुंध्याची साल सोलून नेते. तो घाव तिरका ठेवतो, जेणेकरून पाणी साचून लाकूड कुजू नये, आणि शेंड्याला हात लावत नाही. हे सारे पाळले गेले की नाही, याचा निकाल पुढच्या पावसाळ्यात ऐनाला फुटणाऱ्या धुमाऱ्यांवरून लागतो. छेदाचे सामर्थ्य घावाच्या वेळी कळते आणि छेदाचे औचित्य झाडाच्या पुढील आयुष्यावरून कळते; दोन्हींची प्रमाणे वेगळी आहेत आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. राब टाळण्याचे मार्गही याच परिसरातून निघाले आहेत: नेरळचे शेतकरी शेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकले जात असल्याने रोपवाटिका आणि तिच्याबरोबर राबही अनावश्यक होतो. गरज टळली, की गरजेने दिलेली सूटही संपते.

शास्त्रांनीही ही सूट मोजूनच दिलेली दिसते. मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे यांना गृहस्थाच्या घरातील पाच सूना, म्हणजे वधस्थाने, म्हटले आणि त्यांच्या दोषनिवारणासाठी पंचमहायज्ञ सांगितले. लोखंडी फाळाने भूमीची आणि भूमीतील जिवांची हानी होते म्हणून शेतीलाही तिने निर्दोष म्हटले नाही. जैन आचारशास्त्र वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते, संसारातील अपरिहार्य हिंसेला आरंभी हिंसा या नावाने संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेपासून वेगळे काढते, आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत कोळसा पाडण्याचे अंगारकर्म व जंगलतोडीचे वनकर्म यांचा समावेश करते. मात्र योगसूत्रे आणि जैन परंपरा या दोहोंनी केलेला आणखी एक भेद येथे अधिक महत्त्वाचा आहे: हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली अशी तीन प्रकारची असते.

हा तीन प्रकारांचा भेद कर्जत-खालापूरच्या आजच्या स्थितीवर नेमका लागू पडतो. मुंबई-पुण्याहून सुटीला येणाऱ्यांची फार्महाऊसे या तालुक्यांत पसरली आहेत, आणि त्यांच्या आवारातील झाडोरा काढण्याचे काम बहुधा ठाकर किंवा कातकरी मजुराच्या कोयत्याने होते. खैरापासून कात काढणे हा ज्यांचा जुना व्यवसाय, त्या कातकऱ्यांची कुटुंबे रान हातून गेल्यावर उचल घेऊन कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जात आली. अशा मजुराचा हात हे करण असते. कापायला सांगणारा हा करवणारा असतो, आणि निसर्गाच्या सान्निध्याची जाहिरात वाचून रिकामे, सपाट आवार पसंत करणारा हा अनुमोदन देणारा असतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नेही ऐन, किंजळ, खैर यांसारख्या वृक्षांच्या तोडीसाठी जमिनीच्या मालकावरच परवानगी घेण्याचा भार टाकला आहे. कायदा पात्याची धार विचारत नाही.

खंडेनवमीला, म्हणजे आश्विन शुद्ध नवमीला, घरोघर कोयता, विळा, कुऱ्हाड घासूनपुसून देवापुढे मांडतात आणि पूजेत ठेवलेले हत्यार त्या दिवशी कामाला लावत नाहीत. या आचाराचा अर्थ हत्यारात देवत्व आहे एवढाच घेतला, तर करणाचीच स्तुती पुन्हा होते. वर्षातून एक दिवस कापण्याचे सामर्थ्य असूनही न कापण्याचा नियम, असा त्याचा अर्थ अधिक सयुक्तिक आहे, आणि तो देवराईच्या नियमाशी जुळतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील ज्या देवरायांचा अभ्यास मांडला, त्यांत कोयता बाहेर ठेवण्याचा संकेत देवाच्या धाकाने पाळला जात होता. तेथे हत्यार वाईट मानलेले नव्हते, त्याची हद्द ठरवलेली होती.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, कोयत्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारा कोयता असतो आणि त्यामुळे त्याच्या धन्याला कोणतेही पुण्य लाभत नाही. हत्याराचा कस लाकडावर पाहावा, त्यासाठी वाळलेले, पडलेले लाकूड पुरेसे आहे. तोडीचा कस मात्र जिवंत झाडावर, तोही पावसाळा उलटल्यावर पाहावा, आणि त्या दुसऱ्या परीक्षेत जे नापास होईल त्याचे उत्तर कोयता चालवणाऱ्याकडे न मागता, ज्याने कापायला सांगितले त्याने स्वतः द्यावे.