सांगितलेला ओटीपी आणि दिलेली संमती

‘पण ओटीपी तुम्हीच सांगितलात ना?’ क्रेडिट कार्डावरून पैसे गेलेल्या माणसाला बँकेत, पोलीस ठाण्यात आणि घरातही पहिल्यांदा विचारला जातो तो हाच प्रश्न. तो वरवर हिशेबाचा वाटतो, पण त्याच्या तळाशी नीतिशास्त्रातला एक फार जुना पेच आहे. भीतीपोटी किंवा फसवला गेल्यामुळे माणसाने स्वतःच्या हाताने केलेली कृती खरोखर त्याची मानायची का?

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात वादळात सापडलेल्या जहाजाचं उदाहरण घेतलं आहे. जहाज वाचावं म्हणून लोक माल समुद्रात फेकतात. फेकणारे हात त्यांचेच असतात, पण शहाणा माणूस एरवी असं कधीच करणार नाही. अशा कृतीला तो ‘मिश्र’ म्हणतो. परिस्थितीचे तपशीलच ठाऊक नसताना घडलेल्या आणि कळल्यावर मनाला लागलेल्या कृतीला तर तो स्वेच्छेची मानतच नाही. आपण कोणाशी बोलतो आहोत, हा असाच एक तपशील. फोनवरचा आवाज बँकेचा आहे असं समजून सहा आकडे वाचणाऱ्याला नेमकं तेच ठाऊक नसतं.

आपल्याकडचं उत्तर अधिक थेट आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात बळजबरीने किंवा कपटाने झालेले व्यवहार रद्द करावेत असं सांगितलं आहे, आणि ज्यांनी केलेला व्यवहार टिकत नाही त्यांच्या यादीत वेडा, नशेत असलेला, बालक यांच्या जोडीला भ्यालेला माणूसही आहे. आजचा फौजदारी कायदाही त्याच वाटेने जातो. भारतीय दंड संहितेच्या कलम ९०मध्ये असलेली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २८मध्ये आलेली तरतूद म्हणते, की इजेच्या भीतीने किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते माहीत असेल तर, संमतीच नव्हे.

मग बँकेचा नियम काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाला मोठं संरक्षण मिळालं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने एक रुपयाही सोसायचा नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच कुठे तरी आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तेव्हाही नाही. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला गेला. पण त्याच परिपत्रकाने एक रेघ ओढली: ग्राहकाने स्वतःहून पासवर्डसारखी माहिती दिली असेल, तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं.

अडचण इथेच आहे. निष्काळजी माणूस आणि ठरवून घाबरवलेला माणूस या रेघेच्या एकाच बाजूला पडतात. ही रेघ चुकीच्या जागी आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. न्यायालयं निदान तपशिलात शिरू लागली आहेत. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करू पाहणाऱ्या आसाममधल्या एका ग्राहकाला कस्टमर केअरच्या नावाने फोन आला, फोन करणाऱ्याने सांगितलेलं ॲप त्याने उतरवून घेतलं आणि खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. त्याने लगेच तक्रार केली होती. त्याचा निष्काळजीपणा नाही असं गुवाहाटी उच्च न्यायालयाने ठरवलं, आणि जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली. प्रकरण खात्याचं होतं, कार्डाचं नव्हे; प्रश्न मात्र तोच.

याचा अर्थ सावध राहण्याचं कर्तव्य संपलं असा नाही. ॲरिस्टॉटलनेच पुढे म्हटलं आहे, की जे अज्ञान टाळणं आपल्या हातात होतं त्याची जबाबदारी आपल्यावर येते. आणि कार्डाच्या बाबतीत हातात बरंच काही असतं.

ओटीपीचा मेसेजच पाहावा. त्यात सहा आकड्यांच्या आजूबाजूला सहसा किती रुपये आणि कोणत्या दुकानाला हेही लिहिलेलं असतं. घाबरलेली नजर थेट आकड्यांवर जाते आणि बाकीची ओळ निसटते. ‘व्यवहार रद्द करायला’ मागितलेला ओटीपी प्रत्यक्षात पैसे देण्याचा आहे, हे त्या ओळीतच छापलेलं असतं. ती ओळ पूर्ण वाचायची सवय हा एक स्वाध्यायच म्हणावा. शंका आली तर फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः फिरवावा. समोरच्याला वाईट वाटेल या संकोचाने अनेक भली माणसं फोन कापत नाहीत, आणि ठग नेमका याच भलेपणावर जगतो. खातरजमा करणं म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. खऱ्या कर्मचाऱ्याला त्याचं वाईट वाटायचं कारणच नाही.

दुसरं, परदेशातल्या कित्येक संकेतस्थळांवर ओटीपी लागतच नाही; कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही पुरतो. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशानुसार बँकांनी दिलेली चालू-बंद करण्याची सोय वापरायला हवी. ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइनची मर्यादा गरजेपुरती, टॅप करून पैसे देणं नको असेल तर तेही बंद. पिन न घालता टॅपने पाच हजारांपर्यंत पैसे जाऊ शकतात, हे कार्ड हरवल्यावर आठवून उपयोग नाही.

तरीही कधी कधी ग्राहक संपूर्ण निर्दोष असतो. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. ज्यांच्या कार्डांच्या नकला वापरल्या गेल्या, त्यांनी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणूनच ‘तुम्हीच सांगितलात ना?’ हा प्रश्न पहिला असू नये. त्याने सर्वांत मोठं नुकसान होतं ते वेळेचं. लाजेने माणूस दोन दिवस गप्प बसतो, मुलांपासून लपवतो, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे सरकतात. घरात कोणी असं सांगत आलं, तर आधी ॲपवरून कार्ड बंद करावं, बँकेला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लावावा. काय चुकलं याची चर्चा त्यानंतर सावकाश करता येते.