कशात किती मिळतं

कोणत्या धंद्यात किती पैसा आहे हे आमच्या भागात बघायचं असेल तर बँकेत जायची गरज नाही, लग्नाच्या बैठकीत जाऊन बसावं. मुलीचा बाप आता जमीन आधी विचारत नाही. "पोरगा काय करतो?" हा पहिला प्रश्न. शेती करतो म्हटलं की चहा यायच्या आत बैठक मोडते. सरकारी नोकरीत असला, मग शिपाई का असंना, बोलणं पुढं सरकतं. वाळूजला कंपनीत आहे म्हटलं तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "पर्मनंट का ठेकेदाराकडं?" दोघं एकाच मशीनवर उभे राहतात, एकाच रंगाचा शर्ट घालतात, पण एकाला पोरगी मिळते अन् दुसरा पस्तिशीला टेकतो. शेतीला उत्तम म्हणणारी जुनी म्हण बैठकीत कोणी काढलीच, तर पाहुणे तोंडावर हात धरून हसतात.

तरी या बैठकीतले भाव खरे नाहीत. मी माझ्या हयातीत या जिल्ह्यात पैशाला जागा बदलताना पाहिलंय. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याला राष्ट्रपती झैलसिंग आले होते. तेव्हा वाटलं, पैसा कंपनीत आहे. मग वेतन आयोग लागत गेले आणि मास्तर, तलाठी पुढं गेले. त्यानंतर सगळ्यांना मागं टाकून जो गेला तो प्लॉटिंगवाला. या साठ-पासष्ट वर्षांत सगळ्यात जास्त मिळवलेली जी माणसं मी जवळून पाहिली, त्यांनी काही पिकवलं नव्हतं, काही घडवलं नव्हतं. ती जमिनीच्या सौद्यात मधे उभी होती.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकर जमीन औद्योगिक पट्ट्यासाठी घेतली गेली. बिडकीनकडं एकरी २३ लाख रुपये भाव मिळाला. आता हिशेब करा. कोरडवाहू कपाशीचं एकर बरं साधलं तर आठ क्विंटल देतं. बी, खत, फवारणी, वेचणी वजा करून वीस हजार हातात राहिले तर आम्ही ते साल चांगलं म्हणतो. म्हणजे २३ लाख ही एकशे पंधरा वर्षांची कमाई झाली, आणि तीही एकाही साली पाऊस न चुकता. तेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख एकसष्ट हजार व्याज येतं. शेती करून मिळतं त्याच्या आठपट, शेती न करता. आमच्या जमिनीचा सगळ्यात मोठा पगार ती कसायची थांबवल्यावर मिळतो. हे मी चिडून सांगत नाही, आकडेच तसे आहेत.

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या लोकांनी एका सौद्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, देशभर गाजावाजा झाला. पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं की त्या गाड्यांना बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बारा टक्क्यांच्या पुढं लागत होतं. मला त्यात गाडीवाल्यांचा राग आला नाही. ज्याच्याकडं आहे त्याला पैसा स्वस्त मिळतो आणि ज्याच्याकडं नाही त्याला महाग, एवढंच त्यातून कळलं.

दलालाला शिव्या घालणं सोपं आहे. मी पण एकदा सौदा जमवून दिलाय. घेणारा ओळखीचा होता, देणारा भावकीतला. आठ वारस, त्यातले दोन पुण्याला, एक बहीण बोलत नव्हती, फेरफार तीस वर्षं अडकलेला. चार महिने माझी मोटारसायकल तहसिलाच्या दारात होती. शेवटी दोन टक्के मिळाले, ते माझ्या पाच वर्षांच्या कपाशीपेक्षा जास्त भरले. त्यात मी विहीर खोल केली. त्या पैशाचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते काम होतं, डोकं लागलं, पायपीट झाली. पण चार महिन्यांच्या पायपिटीला तेवढा मोल कोणी देत नाही. पैसा मिळाला तो पायपिटीचा नव्हे, मी उभा होतो त्या जागेचा.

त्या सौद्यातली बहीण मला अजून आठवते. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा वाटा भावाइतकाच आहे. जमीन कापूस देत होती तोवर तिला कोणी विचारलं नाही, अन् तिनंही मागितलं नाही. एकराला लाख आले तेव्हा भाऊ हक्कसोडीचा कागद आणि साडी घेऊन तिच्या दारात गेले. तिनं सही केली, साडी परत दिली. भावांचे बंगले झाले. त्यांना परवडलं का, हे मी सांगू शकत नाही. आपल्या भाषेत परवडणं हा शब्द पैशापुरता नाही, "असलं वागणं मला परवडत नाही" असंही आपण म्हणतो.

पगाराची एक गंमत मला फार उशिरा कळली. १९७२ च्या दुष्काळात माझी माय खडी फोडायला जायची. मी लहान होतो, सुकडी खायला मिळायची म्हणून मागं मागं जायचो. ढिगाचं माप घेऊन पैसे मिळायचे, ढीग कमी भरला तर पैसे कमी. ऊसतोडीला टनावर मिळतं. कापूस वेचणीला किलोवर. ज्यांचं काम असं काट्यावर चढतं त्यांना सगळ्यात कमी मिळतं. दलालाला टक्का, वकिलाला तारीख, साहेबाला महिना. त्यांचा घाम कोणी मोजत नाही, म्हणून तो महाग विकतो.

मापावरच्या कामाला काय किंमत पडते ते शेजारच्या बीड जिल्ह्यानं दाखवलं. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून ऊसतोडीच्या कितीतरी बायांनी तरुणपणीच गर्भपिशवी काढून घेतली. २०१९ साली सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. एवढं देऊन त्या फडातून घरी काय आणतात? बऱ्याचदा पुढच्या सालाची उचल.

पर्मनंटचंही सांगतो. आमच्या गावातला एक जण प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढून परत आला. पोरं शिकवली, घर बांधलं, बैठकीत मान आहे. पण त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. कान कंपनीतच राहिले, असं तो स्वतःच हसून सांगतो. पुन्हा विचारलं तरी हेच करीन, असंही म्हणतो. मी त्याला खोटं ठरवणार नाही, त्याची पोरगी आज डॉक्टर आहे.

आणि आम्ही शेतकरी? २०२४-२५ ला मध्यम धाग्याच्या कापसाला ७,१२१ रुपये हमीभाव धरला होता. आम्ही पारावर बसून बोलत होतो की यात घरच्या माणसांची मजुरी निघत नाही. बरोबरच आहे. त्याच पारावर दुसऱ्या तोंडानं म्हणत होतो, वेचणीच्या बाया माजल्या, किलोला दहा रुपये मागतात. माझ्या रानात वेचणाऱ्या एका बाईनं हे ऐकलं असावं. ओटी रिकामी करता करता म्हणाली, "भाऊ, तुम्ही भाव मागता ते हक्काचं, आम्ही मागितला की माज व्हय?" दिवसभर वाकून ती चाळीस किलो वेचते. नख्यांनी बोटं सोललेली असतात.

मी त्या दिवशी बारा रुपये कबूल केले. बाया दुसऱ्या दिवशी चार जणी वाढून आल्या. बांधाला लागून असलेला शेजारी भाव बिघडवला म्हणून तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं अगदीच खोटं नाही, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि त्याचा निम्मा कापूस पुढचे पंधरा दिवस झाडावरच लोंबत होता.